आगबोटीची चिठ्ठी आणि घरातली ट्रंक

बीदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही आपल्याकडच्या एखाद्या माळवदाच्या घरात, कोठीच्या कोपऱ्यात, जुनी पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्या झाकणावर आगबोट कंपनीची विटलेली चिठ्ठी चिकटलेली असते. महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडायला काढले की ती ट्रंक एकतर ऑइलपेंटने रंगवली जाते, नाहीतर भंगारात जाते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तिच्याविषयी चार शब्द.

सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. 1871 मध्ये मुंबई आणि मद्रास या बाजूंचे लोहमार्ग रायचूरला जुळले आणि गुलबर्गा त्या मार्गावर आले. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादला निजामाची रेल्वे सुरू झाली. म्हणजे पाच वर्षांत आपला मुलूख विलायतेच्या वाटेवर येऊन बसला. गुलबर्ग्याला गाडीत बसायचे, मुंबईला उतरायचे आणि बंदरावर आगबोट गाठायची. खिशातला हाली सिक्का संस्थानाबाहेर चालत नसे, तो आधी बदलून घ्यावा लागे.

आपली माणसे जाण्याआधी आपली वस्तू मात्र गेली होती. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी काम मांडले होते. तेव्हा ना कालवा होता, ना इकडे रेल्वे. जस्त-तांब्याच्या ओतकामावर चांदीची तार ठोकून बसवायची आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने ते काळे करायचे, हे आपल्या कारागिरांचे काम. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेले आहे. तिकडच्या लोकांनी आपला हुक्का जपला. आपण त्यांच्या बोटीची चिठ्ठी जपतो का?

आगबोटींच्या वस्तू जमवणारे लोक जगभर आहेत. जेवणाची छापील यादी, प्रवाशांची नामावली, कंपनीचे चिन्ह असलेली कपबशी, सामानावरच्या चिठ्ठ्या असे काय काय ते जमवतात. ‘केबिन’ असे छापलेले सामान खोलीत जाई, ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’ लिहिलेले तळघरात. टायटॅनिकवरच्या शेवटच्या दुपारच्या जेवणाची एक यादी 2015 मध्ये 88,000 डॉलरला विकली गेली. तो कागद स्वयंपाकासाठी कोणी घेतला नाही. त्याच्यावर तारीख होती आणि तो बुडाला नव्हता, याचे ते मोल.

आपल्या इतिहासाशी बांधलेल्या बोटीही अशाच गेल्या. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ऑक्टोबर 1930 मध्ये ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने निघाले. महात्मा गांधी 29 ऑगस्ट 1931 रोजी ‘राजपुताना’ने निघाले. पहिली बोट 1942 मध्ये आणि दुसरी 1941 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी बुडवली. ज्या बोटी युद्धातून वाचल्या, त्या पुढे मोडीत निघाल्या. 1960 नंतर जेट विमाने सर्रास झाली आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी एकेक करून बंद पडल्या. आता उरले आहेत ते कागद, आणि ते घराघरांत आहेत.

आपल्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांत वाटले गेले. ट्रंक भालकीत आणि तिच्यातली पत्रे उदगिरात, असेही होऊ शकते. चिठ्ठीवरचे नाव, गाव आणि बंदर वाचले तरच ती पत्रे कोणाची हे कळेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ट्रंक रंगवण्यापूर्वी झाकण नीट पाहावे. चिठ्ठी खरवडू नये, पाण्याने पुसू नये. तिचा फोटो काढावा आणि ट्रंक कोणाची, कोणत्या साली आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पुढल्या गणपतीत आरतीनंतर त्या वह्या मंडपात घेऊन या. आपण त्या एकत्र बसून वाचू.