ग्रंथालयातील वाचकाची गोपनीयता

ग्रंथालयातील वाचकाची गोपनीयता म्हणजे वाचकाने कोणते ग्रंथ मागितले, कोणते घरी नेले, संगणकावर काय शोधले आणि ग्रंथपालाला काय विचारले, याची माहिती त्याच्या संमतीविना अन्य कोणालाही न कळणे. वाचनावर कोणाची नजर आहे अशी शंका आली की वाचक वादग्रस्त, नाजूक किंवा स्वतःच्या आजाराविषयीचे पुस्तक मागण्यास कचरतो. त्यामुळे ही गोपनीयता वाचनस्वातंत्र्याचा आधार मानली जाते.

पार्श्वभूमी

अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९३९ च्या आचारसंहितेत वाचकाची खाजगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून नोंदवले गेले. २००१ च्या पॅट्रियट कायद्याने तेथील तपास यंत्रणांचे अधिकार वाढले. २००५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांनी संगणक वापराची माहिती मागणाऱ्या गुप्त पत्राला न्यायालयात आव्हान दिले. पुढील वर्षी शासनाने माघार घेतली. ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (इफ्ला) २०१५ मध्ये या विषयावर स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले.

भारतात शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांत गोपनीयतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हा दुसरा सिद्धांत वाचक निर्भय असल्याशिवाय पूर्णपणे साध्य होत नाही.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ चा भर ग्रंथालयांची स्थापना, प्रशासन, अनुदान व ग्रंथालय निधी यांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जाते हे सांगणे आणि कारण संपल्यावर ती पुसणे अपेक्षित आहे. मात्र हा कायदा डिजिटल स्वरूपात असलेल्या किंवा नंतर तसे रूप दिलेल्या माहितीलाच लागू होतो. केवळ कागदावर राहिलेली हस्तलिखित नोंदवही त्याच्या कक्षेबाहेर आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी त्यात सवलती आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी कागदपत्रे सादर करण्यास लेखी फर्मावू शकतो.

वाचनसाहित्य पुरावा म्हणून मांडले जाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात एल्गार परिषद प्रकरणात पुढे आला. व्हर्नन गोन्साल्विस व अरुण फरेरा यांना २८ जुलै २०२३ रोजी जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने, केवळ साहित्य जवळ बाळगल्याने त्यांच्यावर आरोपित गुन्हे सिद्ध होत नाहीत, असे मत नोंदवले. हे प्रकरण घरातील साहित्याचे होते. परंतु ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदीही याच प्रकारे वापरल्या जाऊ शकतात.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. शासकीय जिल्हा ग्रंथालयाबरोबरच शासनमान्य सार्वजनिक वाचनालये येथे वाचनसेवा देतात. लहान गावात पाळत ठेवण्यासाठी कॅमेऱ्याची गरज नसते. टेबलावर उघडी असलेली देवघेव नोंदवही, पुस्तकाच्या खिशातील कार्डावर राहिलेली आधीच्या वाचकांची नावे, किंवा कर्मचाऱ्याने वडीलधाऱ्यांकडे सहज काढलेला विषय एवढ्याने वाचकाची आवड गावभर होते. विवाह, आरोग्य, धर्मचिकित्सा किंवा कायदा या विषयांवरील पुस्तके शोधणाऱ्या तरुणींना व विद्यार्थ्यांना याची झळ अधिक बसते.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमुळे सीसीटीव्ही, बोटांच्या ठशांची हजेरी आणि आधार कार्डाच्या छायाप्रती हे नवे प्रश्न निर्माण झाले आहेत. चोरी रोखण्यासाठी कॅमेरा उपयुक्त असला, तरी त्याचा रोख वाचकाच्या पुस्तकावर किंवा संगणकाच्या पडद्यावर असण्याचे कारण नाही. ठसा एकदा इतरत्र गेला की तो संकेतशब्दासारखा बदलता येत नाही.

संरक्षणाचे उपाय

पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव व पुस्तक यांतील दुवा तोडणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. ब्राऊन पद्धतीत पुस्तक परत येताच वाचकाचे तिकीट त्याला परत मिळते व कायमची नोंद उरत नाही. ‘कोहा’ या मुक्त संगणक प्रणालीत जुनी देवघेव निनावी करण्याची सोय आहे. याखेरीज पुढील उपाय सुचवले जातात :

• सभासदत्वासाठी आवश्यक तेवढीच माहिती घेणे. ओळखपत्र पाहून परत करणे.
• अहवालासाठी वाचकांची नावे न देता विषयवार संख्या देणे.
• सार्वजनिक संगणकावरील शोध-इतिहास प्रत्येक वापरानंतर पुसणे.
• चित्रीकरण व जुन्या नोंदी ठेवण्याची मुदत ठरवून फलकावर लावणे.
• नोंदींची मागणी तोंडी आल्यास न देणे. लेखी आदेश आल्यास तो कार्यकारी मंडळापुढे ठेवून कायदेशीर सल्ला घेणे.

मर्यादा

गहाळ ग्रंथांची वसुली, लेखापरीक्षण आणि अनुदानासाठीची तपासणी यांकरिता काही नोंदी ठेवणे अपरिहार्य असते. कायदेशीर आदेश आल्यावर त्या नष्ट करणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून अनावश्यक नोंद मुळातच न ठेवणे, आणि ठेवलेली नोंद ठरलेल्या मुदतीत नियमितपणे काढून टाकणे, हा सुरक्षित मार्ग समजला जातो.

हेही पहा

• ग्रंथालयशास्त्र
• शि. रा. रंगनाथन
• गोपनीयतेचा हक्क
• बुलढाणा जिल्हा