भिलाईचे काटे कुणी जुळवले?

भिलाईचा इतिहास सांगणारे बहुतेक जण भट्टीपासून सुरुवात करतात. २ फेब्रुवारी १९५५ ला दिल्लीत सोव्हिएत संघाशी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना दुर्गजवळच्या माळावर उभा राहिला. आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे भिलाईची कागदपत्रे सुरुवातीला नागपूरच्या सचिवालयातूनच फिरत होती.

मी ई.एम.ई.चा माणूस, ट्रेड टेलिकॉम मेकॅनिक. दुर्गच्या एन.सी.सी. बटालियनवर पी.आय. स्टाफ म्हणून पोस्टिंग आले, तेव्हा भिलाईच्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या काही निवृत्त इन्स्ट्रुमेंटवाल्यांशी ओळख झाली. त्यांच्याशी बोलताना भट्टीपेक्षा भट्टीसमोरच्या पॅनेलवरचे काटेच डोक्यात राहिले. हा काटा खरा बोलतो आहे, हे ठरवले कुणी आणि कशावरून?

आधी अडचण समजून घेऊ. वितळलेले पोलाद १६०० अंशांच्या आसपास असते. त्यात प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांचे थर्मोकपल बुडवले तर मिळणारे व्होल्टेज असते जेमतेम १६.८ मिलिव्होल्ट. टॉर्चचा सेल याच्या नव्वद पट देतो. एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे १२ मायक्रोव्होल्ट. काटा एक टक्का चुकला तर १६ अंशांची चूक. पोलाद थंड निघाले तर लॅडलमध्येच गोठू लागते, फार तापले तर भट्टीच्या विटा खाते. शेकडो टन माल आणि खाली उभी असलेली माणसे त्या मायक्रोव्होल्टांच्या भरवशावर असतात.

त्या काळचा स्वयंचलित पोटेन्शिओमीटर रेकॉर्डर हे काम तराजूसारखे करतो. एका पारड्यात थर्मोकपलचे व्होल्टेज, दुसऱ्यात स्लाइडवायरवरचे. दोन्हींतला फरक व्हायब्रेटर तोडून तोडून एसी करतो, व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर तो वाढवतो, छोटी मोटर फिरते, काटा सरकतो आणि पारडी समान झाली की थांबतो. स्लाइडवायरला करंट देतो एक साधा ड्राय सेल. तो रोज थोडा थोडा उतरतो. म्हणून त्याची गाठ अधूनमधून वेस्टनच्या स्टँडर्ड सेलशी घालायची. त्याचे व्होल्टेज १.०१८ च्या आसपास वर्षानुवर्षे टिकते. पण हा सेल फार नाजूक. त्यातून करंट काढायचा नाही, आडवा-उलटा करायचा नाही, साधा मीटर लावून तपासायचाही नाही.

आता त्या वेळचा देश पाहा. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून. बाजार शेर-मणात चालत होता आणि भिलाईचे नकाशे मिलिमीटरमध्ये होते. त्याच सुमारास राउरकेला जर्मनांच्या आणि दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने उभे राहत होते. एका देशात तीन पोलाद कारखाने आणि तीन देशांची उपकरणे. थर्मोकपलचेच घ्या. रशियनांची क्रोमेल-कोपेल जोडी १०० अंशांना सुमारे ६.९ मिलिव्होल्ट देते, क्रोमेल-अॅल्युमेल ४.१. एकीच्या जागी दुसरी लावली तर काटा हलेल, पट्टीवर आकडाही दिसेल, आणि तो साफ खोटा असेल.

त्यात भाषेची भर. रशियन सर्किटवर इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’, ‘सी’सारखे दिसणारे ‘स’. व्हॉल्व्हवर ‘६एच८सी’ दिसते, वाचायचे ‘६एन८एस’, आणि तो निघतो अमेरिकन ६एसएन७ चा भाऊ. पण सगळेच भाऊ इतके सरळ नसतात. रशियन ६एन२पी आणि आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ईसीसी८३ गुणाने जवळचे, तरी हीटरच्या पिना वेगळ्या. सॉकेटची वायरिंग न बदलता बसवला तर चालत नाही. १९६५ नंतर सैन्यात रशियन सामान मोठ्या प्रमाणावर आले, तेव्हा आमच्या कोअरच्या जुन्या उस्तादांनाही ही बाराखडी गिरवावी लागली.

दोष शोधायची पद्धत मात्र भिलाईत आणि आमच्या वर्कशॉपमध्ये एकच. काटा संशयास्पद वाटला की पहिले काम: थर्मोकपल सोडवायचे आणि रेकॉर्डरच्या इनपुटला तारेने शॉर्ट करायचे. काटा खोलीच्या तापमानावर येऊन थांबला तर रेकॉर्डर बहुतेक ठीक आहे, दोष बाहेर आहे. शून्यावर बसला तर थंड टोकाची भरपाई करणारा भाग गेला. भिलाईत मे महिन्यात ४५ अंश आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंश होतात. ही भरपाई नसेल तर फक्त ऋतू बदलला म्हणून आकड्यात ३०-३५ अंशांचा फरक पडतो. काटा सुस्त असेल तर व्हॉल्व्ह थकला किंवा व्हायब्रेटरचे कॉन्टॅक्ट काळे पडले. काटा थरथरत असेल तर गेन जास्त आहे. दोष थर्मोकपलचा असेल तर जास्त सावध राहायचे, कारण भट्टीत मळलेले प्लॅटिनम कमी तापमान दाखवते. माणूस आकडा पाहून आणखी जाळ देतो, आणि भट्टी आधीच तापलेली असते.

जुन्या मॅन्युअलमधले व्होल्टेज कोणत्या मीटरने घेतले, हेही आधी वाचायचे. आमच्याकडे अॅव्हो-८ असायचा. नाशिकच्या मोटवाने कंपनीने त्याच घाटाचा ८एक्स बनवला, तो कित्येक निवृत्त मित्रांनी वापरला असेल. व्होल्टला २०,००० ओहमचा हा मीटर १०० व्होल्टच्या रेंजवर २ मेगओहम असतो. १०० व्होल्टचा पॉइंट १ मेगओहमच्या मागे असेल तर अॅव्हो ६७ दाखवेल, आजचा १० मेगओहमचा डिजिटल मीटर ९१. मॅन्युअलमध्ये ६७ लिहिले असेल तर नवा पोरगा चांगले सर्किट उचकटून बसतो.

दोष काढला म्हणजे काम संपले नाही. उपकरण चालू होणे वेगळे आणि खरे होणे वेगळे. रेकॉर्डर जुळवायचा प्रयोगशाळेतल्या पोटेन्शिओमीटरशी, तो त्याच्याहून पक्क्या स्टँडर्ड सेलशी, आणि ही साखळी शेवटी पोहोचते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिचे उद्घाटन २१ जानेवारी १९५० ला झाले, प्रजासत्ताक होण्याच्या पाच दिवस आधी. वजने-मापांचा कायदा १९५६ चा. ही साखळी देशात नसती तर भिलाईचा काटा खरा आहे का, हे विचारायला दरवेळी परदेशात जावे लागले असते. म्हणून मला वाटते, करारातून कारखाना मिळाला, पण तो आपला झाला ज्या दिवशी सोव्हिएत युनियनमध्ये आणि भिलाईत शिकलेल्या आपल्या मेकॅनिकने रशियन रेकॉर्डर उघडला, दोष काढला आणि आपल्या व्होल्टशी जुळवून सही केली. उद्घाटनाच्या शिळेवर त्या सहीला जागा नसते.

पुढे १९६४ मध्ये सोव्हिएत सहकार्यानेच कोट्याला इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड सुरू झाली आणि अशी उपकरणे देशात बनू लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने कोट्याचे युनिट बंद करायचा निर्णय घेतला. आता पॅनेलवर पडदे आहेत, आकडा दशांशासकट चमकतो. पण पडद्यामागे तेच मिलिव्होल्ट आहेत, आणि तारखेच्या स्टिकरपलीकडे पाहणारा माणूस आजही लागतो.

१२ जून २०१४ ला भिलाईत गॅसगळतीने सहा जणांचा जीव गेला, त्यात दोन वरिष्ठ अधिकारी होते. तो अपघात मीटरमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तिथे डोळे आणि नाक निरुपयोगी, माणसाजवळ फक्त मीटर असतो. बंद मीटर निदान कळतो. चालू असलेला पण खोटा मीटर माणसाला निर्धास्त करून पुढे पाठवतो. माइन डिटेक्टर घेऊन चाललेल्या जवानाला हे समजावून सांगावे लागत नाही.

भारतीय बनावटीच्या विक्रांतसाठी सेलने सुमारे ३०,००० टन खास पोलाद दिले, त्यात भिलाईचाही वाटा आहे. ती प्लेट किती अंशांवर तयार झाली हे कुठल्या तरी काट्याने सांगितले, आणि तो काटा कुणीतरी जुळवला होता.

कॅलिब्रेशनच्या ट्रेडमधले जे माजी सैनिक हे वाचत असतील, त्यांनी आपल्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नयेत. घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या आय.टी.आय.च्या पोराला बसवून शॉर्ट इनपुटची ती एक टेस्ट तरी करून दाखवावी.

जय हिंद.