सीमारेषा आणि स्त्रीचा न्याय

कायद्यापुढें सर्व समान, हें तत्त्व आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु कायदा व पीडित मनुष्य यांच्यामध्यें अंतर किती, याचा विचार सहसा होत नाहीं. मध्य ऑस्ट्रेलियाचा इतिहास पाहतां हें अंतर केवळ मैलांचें नव्हे, असें आम्हांस वाटतें.

१८३४ सालीं लंडनच्या पार्लमेंटानें साउथ ऑस्ट्रेलिया वसाहतीची उत्तर सीमा २६ अंश दक्षिण अक्षांशावर ठरविली. त्या वाळवंटांत न्गान्यात्जारा, पित्जंत्जत्जारा व यांकुनित्जत्जारा हे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते; त्यांस कोणीं विचारलें नाहीं. त्याच भूमींतून १२९ अंश रेखांशाचीही सीमा गेल्यामुळें एकाच गोतांतलीं माणसें तीन शासनांत वांटलीं गेलीं.

याचा जाच स्त्रीस अधिक झाला. नवऱ्यानें डोकें फोडलें, तरी पोलीस ठाणें कित्येक मैल दूर. तो सीमा ओलांडून आप्तांच्या वस्तींत गेला, कीं दुसऱ्या शासनाच्या सोपस्कारांवांचून त्यास धरणें कठीण. शिवाय पोलिसांविषयींची आठवण निराळीच. १९२८ सालीं नॉर्दर्न टेरिटरींत कॉनिस्टनच्या आसपास पोलीस शिपाई जॉर्ज मरे याच्या टोळीनें मूळ रहिवाशांची कत्तल केली. सरकारी आंकडा ३१ चा, आणि चौकशीमंडळानें तें कृत्य समर्थनीय ठरविलें. मुलें आयांपासून तोडून नेण्याचें कामही पुष्कळदां पोलिसांकडूनच करविलें जाई. ज्या हातानें मूल नेलें, त्याच हातीं आपलें रक्षण सोंपविण्यास कोणती माता धजेल?

कित्येक म्हणतात, मारहाण ही त्या लोकांची रूढीच आहे. या आक्षेपास तेथील स्त्रियांनींच उत्तर दिलें. १९८० सालीं वरील तिन्ही समाजांतील स्त्रियांनीं आपली महिला परिषद स्थापिली. १९९४ पासून तिनें मार खाणाऱ्या स्त्रियांच्या साहाय्यार्थ स्वतंत्र व्यवस्था चालविली. आणि सीमेपाशीं अडणारा कायदा बदलावा, असा आग्रह धरला. अखेर २००९ सालीं तिन्ही शासनांची संयुक्त योजना अमलांत येऊन एका शासनाच्या पोलिसास व न्यायाधीशास त्या टापूंत सीमेपलीकडेही अधिकार मिळाला. रेषा ओढल्यापासून हें घडेपर्यंत पावणेदोनशें वर्षें लोटलीं होतीं.

तथापि रेषेची अडचण दूर झाली म्हणजे अंतर संपलें असें नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्यें नॉर्दर्न टेरिटरीच्या कॉरोनर एलिझाबेथ आर्मिटेज यांनीं, जोडीदारांच्या हातून मृत्यु पावलेल्या चार मूळ रहिवासी स्त्रियांविषयींच्या चौकशीचा निर्णय देतांना ३५ शिफारशी केल्या. त्यांपैकीं किती अमलांत येतात, यावरच पुढच्या स्त्रीचा जीव अवलंबून आहे.