पनवेल मार्गावरील जुन्या लोकल गाड्या व त्यांची पुष्पिका

हस्तलिखितास पुष्पिका नसली म्हणजे त्याचा काल व स्थल ठरविण्यास किती सायास पडतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. लोहमार्गावरील जुन्या गाड्यांचीहि तीच स्थिति होऊं पाहत आहे.

पनवेलपर्यंत लोकल आली ती १९९८ सालीं. हा मार्ग हार्बर शाखेचाच विस्तार होय. याच शाखेवर, बोरीबंदर ते कुर्ला, ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं भारतांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तीस १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह लागे. पुढें त्याच्या जागीं २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचें ठरलें. हा पालट पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं व मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ सालीं पुरा झाला. तेव्हां केवळ एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या गाड्यांस हार्बर हाच शेवटचा आश्रय उरला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीं कुर्ल्याहून बोरीबंदरास गेलेली गाडी त्या जातीची अखेरची. आरंभ व अंत एकाच वाटेवर झाला; मध्यें ९१ वर्षें गेलीं.

जुनी गाडी परमार्गावर केव्हां जाऊं शकते? टोकियोच्या मिता मार्गावरील ७२ डबे २००० सालीं जकार्तास देण्यांत आले. कारण रुळांचें माप (१०६७ मिलिमीटर) व प्रवाह (१५०० व्होल्ट) दोन्हीकडे एकच. मुंबईच्या गाड्यांस असें दुसरें घर देशांत उरलें नव्हतें. उलटपक्षीं, दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या सीमेन्स गाड्या २००७ पासून पश्चिम रेल्वेवर होत्या. तेथें बम्बार्डिअर गाड्या आल्यावर त्यांपैकीं कित्येक हार्बरवर आल्या. पनवेलच्या फलाटावर नवी वाटणारी गाडी अशा रीतीनें वस्तुतः परघरची होती. जुनें शासन ठोकून सपाट करावें व त्यावर नवें कोरावें, असे ताम्रपट अभ्यासकांस परिचित आहेतच.

मात्र ताम्रपटावर पूर्वाक्षरांचे अवशेष राहतात. डब्यावर ते राहत नाहींत. निर्मात्याची धातूची पट्टी आणि मोठ्या दुरुस्तीची रंगविलेली तारीख व कारखान्याचें नांव, हीच डब्याची पुष्पिका. पुढील दुरुस्तींत रंगविलेली तारीख पुसली जाते, आणि डबा मोडीत निघाला कीं पट्टीहि जाते. म्हणून ज्यांच्या संग्रहीं जुनीं वेळापत्रकें वा छायाचित्रें असतील त्यांनीं तीं जपावींत, व उभ्या डब्यांवरील लेखांच्या नकला तारीखवार उतरून ठेवाव्यात. शिलालेखांच्या बाबतींत जो विलंब आपल्या हातून घडला, तो येथें तरी घडूं नये.