दोन कैसर

बराकपूरच्या फ्लॅगस्टाफ हाउसच्या आवारात स्वातंत्र्योत्तर काळात कलकत्त्यातून हलविलेले व्हाइसरॉयांचे आणि सेनापतींचे पुतळे उभे आहेत. पंचम जॉर्जही त्यांतच आहे. 1911 च्या दिल्ली दरबारात ज्याने राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा केली, त्या बादशहाचा पुतळाच पुढे कलकत्त्याबाहेर, हुगळीकाठच्या या छावणीच्या गावी आला. त्याचे एक बिरुद 'कैसर-ए-हिंद' होते. रोमन सीझरच्या नावाने अरबी-फारसीतून घेतलेले हे रूप. जर्मन सम्राटाची पदवीही त्याच मुळातली. मराठीत तर दोघेही 'कैसर'च. नातेही जवळचे होते : जॉर्ज व्हिक्टोरियाच्या मुलाचा मुलगा, तर जर्मनीचा दुसरा विल्हेल्म तिच्या थोरल्या मुलीचा. दोघे मामे-आतेभाऊ.

विल्हेल्मचा जन्म 27 जानेवारी 1859 चा. प्रसूतीच्या वेळच्या दुखापतीमुळे त्याचा डावा हात कायमचा अधू राहिला. पण सारे चरित्र त्या हातातून उलगडू पाहणाऱ्या चरित्रकारांच्या हाती फारसे लागत नाही. 1888 मध्ये तो गादीवर आला आणि 1890 मध्ये त्याने बिस्मार्कला घरी पाठविले. पुढचा त्याचा कारभार मुख्यतः वक्तृत्वाचा होता. 1898 मध्ये दमास्कसला जाऊन त्याने आपण तीस कोटी मुसलमानांचे मित्र असल्याचे जाहीर केले. आजी 1901 मध्ये वारली तेव्हा तो तिच्या अंथरुणाशी होता. आणि त्याच काळात इंग्लंडशी स्पर्धा करणारे आरमारही उभारीत होता.

या वक्तृत्वावर हिंदुस्थानात काहींनी प्राण पणाला लावले, हा या पतनाचा आपल्याला भिडणारा भाग होय. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे गणित जुनेच. 1914 मध्ये युद्ध पेटताच बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची समिती स्थापन झाली. तळेगाव ढमढेरेचा विष्णु गणेश पिंगळे त्याच वर्षी अमेरिकेतून कलकत्त्याला उतरला. पलटणी फोडायच्या, हा गदरवाल्यांचा बेत. 1824 आणि 1857 मध्ये बराकपूरच्या शिपायांनी जे केले त्याचीच ही नव्या काळातली आवृत्ती. फेब्रुवारी 1915 चा उठाव फितुरीने फसला. पिंगळे 23 मार्चला मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि 16 नोव्हेंबरला लाहोरला फासावर गेला. जर्मन पैशाने अमेरिकेत घेतलेली शस्त्रे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला कधी लागलीच नाहीत. त्यांच्या आशेवर थांबलेले जतींद्रनाथ मुखर्जी सप्टेंबरात बालासोरला पडले. कैसरला हिंदुस्थानचे स्वातंत्र्य हवे होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याला इंग्लंडची अडचण हवी होती.

आणि तो स्वतः तरी कितीसा सत्ताधीश होता? ऑगस्ट 1916 पासून जर्मनी हिंडेनबुर्ग आणि लुडेनडोर्फ चालवीत होते. सम्राट सही करीत होता. इंग्लंडात जर्मनद्वेष एवढा वाढला की, जुलै 1917 मध्ये पंचम जॉर्जने आपल्या घराण्याचे जर्मन नाव टाकून 'विंडसर' हे नाव घेतले. एका कैसराने नाव टाकले आणि गादी राखली. दुसऱ्याला तीही सोय नव्हती. 9 नोव्हेंबर 1918 रोजी बर्लिनमध्ये क्रांतीचा जमाव रस्त्यावर असताना चॅन्सेलर माक्स याने सम्राटाच्या संमतीची वाट न पाहता त्याचे पदत्याग जाहीर केले. विल्हेल्म तेव्हा बेल्जममध्ये स्पा येथील लष्करी तळावर होता. आपण सम्राट नाही, ही वार्ता सम्राटाला इतरांकडून कळली. दुसऱ्या दिवशी त्याने हॉलंडची सरहद्द ओलांडली. लेखी पदत्याग आला तो 28 नोव्हेंबरला.

व्हर्सायच्या तहात त्याच्यावर खटला भरण्याचे कलम होते. हॉलंडने त्याला स्वाधीन करण्यास नकार दिला. डोर्न येथील वाड्यात तो लाकडे तोडीत, आठवणी लिहीत आणि पुन्हा बोलावणे येण्याची वाट पाहत राहिला. 1940 मध्ये पॅरिस पडल्यावर त्याने हिटलरला अभिनंदनाची तार केली. बोलावणे आले नाही. 4 जून 1941 रोजी तो वारला. जर्मनीत राजेशाही पुन्हा येईपर्यंत आपला देह तेथे नेऊ नये, अशी त्याची इच्छा होती. तो देह अद्याप डोर्नलाच आहे.