डेंकालीचा वेताळ

ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकी वृत्तपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 रोजी अवतरला. भारतातील इंग्रजी वाचकांना तो 1940च्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली'तून भेटला. मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिले 32 अंक एकट्या फँटमचे होते. मराठीत त्याचे नाव 'वेताळ'.

या नावाने बरेच काही साधले. फँटम म्हणजे भूत. पण आपला वेताळ नुसते भूत नव्हे. वेताळपंचविशीत तो प्रेतात वसतो, तर कोकण-गोव्यात तोच गावाचा राखणदार देव म्हणून पुजला जातो. मूळ कथेत 1536 सालापासून बापाचा मुखवटा मुलाकडे येतो आणि जंगलातील लोक त्याला अमर समजतात. भीती आणि राखण यांची ही सांगड मराठी वाचकाला नवी नव्हती.

प्रकाशकाने इतर नावेही बदलली. सुरुवातीच्या कथांतील मुलूख भारताच्या आसपासचा वाटे. फॉक यांनी पुढे तो आफ्रिकेत नेला. त्याचे 'बंगाली'शी जुळणारे नाव 'इंद्रजाल'मध्ये 'डेंकाली' झाले, 'सिंघ' चाचे 'सिंगा' झाले. चाच्यांना भारतीय आडनाव येथे खपणारे नव्हते. गोष्ट ठरावीक पानांत बसवण्यासाठी चित्रचौकटीही गाळल्या जात.

नावे बदलली, पण कथेचा गाभा तसाच राहिला. काळ्या जमातींवर पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याचा शब्द चालतो, ही रचना वसाहतीच्या काळातली. स्वतंत्र भारतातील मुले ती आवडीने वाचत होती. 'इंद्रजाल'च्या आरंभकाळात तेथे काम केलेल्या अनंत पै यांनी 1967 मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्रकथा' काढून पुराण-इतिहासाची वाट धरली. 'इंद्रजाल'ने स्वतःचा नायक आणला तो डिसेंबर 1976 मध्ये. आबिद सुरतींचा 'बहादूर' डाकूचा मुलगा. अंगात केशरी कुर्ता आणि जीन्स, तोंडावर मुखवटा नाही. तो गावकऱ्यांनाच संघटित करून डाकूंशी लढायला उभे करतो. वेताळाच्या जंगलात राखणदार एकच होता; येथे राखण गावाची झाली.

1990 मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले. पुढे दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने फँटम काढला. तमिळमध्ये राणी कॉमिक्समधून तो 'मायावी' म्हणून आला. मालकी अमेरिकेच्या किंग फीचर्सची असल्याने दुसऱ्या प्रकाशकाला तो घेता आला. पण 'डेंकाली' अमेरिकेतून आलेली नव्हती. ती मुंबईच्या संपादकीय टेबलावर घडली होती, आणि 'इंद्रजाल'वर वाढलेल्या मराठी पिढीच्या मनात वेताळाचे गाव आजही तेच आहे.