दुधाची बँक

बँक म्हटलं की आपल्याला एटीएम आठवतं. पण २७ नोव्हेंबर १९८९ ला मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी चक्क आईच्या दुधाची बँक काढली, आशियातली पहिली. (जगातली पहिली व्हिएन्नाची, १९०९.) कारण साधं होतं: वरच्या दुधाने कमी दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग व्हायचा. दानाचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, मग उणे २० वर गोठवायचं.

घरी एवढं नको. पण 'बाहेर ४ तास टिकतं' हे गणित २५ अंशांपर्यंतचं. मे महिन्यात नांदेड-लातूरची खोली इतकी थंड कुठली? तेव्हा ऑफिसला निघालेल्या आईने काढलेलं दूध लगेच फ्रीजमध्ये, आतल्या बाजूला ठेवायचं आणि ४ दिवसांत संपवायचं. पाजताना उकळायचं नाही, बाटली कोमट पाण्यात धरायची. उष्टं उरलेलं २ तासांनी टाकायचं. जीवावर येतं, पण इलाज नाही.